संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचा अर्ज: आधी काय करायचे, मग काय, आणि तो नेमका कुठे अडतो

संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना यांतून ज्यांना नियमाने पैसे मिळायलाच हवेत, अशा कितीतरी माणसांचे अर्ज परत येतात. माणूस पात्र असतो, पण कागद एकमेकांशी जुळत नाहीत. आधी अर्ज भरला जातो आणि मग कागदांची शोधाशोध सुरू होते. तोपर्यंत उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपते, आधारवरचे नाव वेगळे निघते, खाते भलतेच जोडलेले निघते आणि आजीबाईंना पुन्हा एसटीने तालुक्याला यावे लागते. काम तेच असते, चुकतो तो क्रम. म्हणून इथे सगळा भर क्रमावर दिला आहे. अर्जदार स्वतः वाचणार नसेल तर तिच्यासाठी धावपळ करणाऱ्या मुलाने, सुनेने, पुतण्याने किंवा गावातल्या कार्यकर्त्याने वाचावे.

टप्पा १: आपण कोणत्या योजनेत बसतो ते आधी ठरवा

तहसील कार्यालयाच्या एकाच शाखेत या सगळ्या योजना चालतात आणि लोक सगळ्यांनाच ‘संजय गांधी’ म्हणतात. तिथूनच घोळ सुरू होतो. योजना चुकली की पुढचे सगळे कागद चुकीचे जमतात.

वय ६५ च्या आत असेल तर संजय गांधी निराधार योजना. त्यात निराधार विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रिया, अनाथ मुले, दिव्यांग, क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या आजारांमुळे कमावू न शकणारे, तृतीयपंथी, देवदासी, ३५ वर्षांवरील अविवाहित स्त्री, तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची पत्नी असे गट येतात. वय ६५ किंवा जास्त असेल आणि सांभाळणारे कोणी नसेल तर श्रावणबाळ योजना. दोन्हींसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत असावे लागते. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० रुपये आहे. अर्जदार किमान १५ वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असला पाहिजे.

कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असेल तर केंद्राच्या इंदिरा गांधी योजनांची जोड मिळते: वृद्धांसाठी, ४० वर्षांवरील विधवांसाठी आणि ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी. त्यामुळे हातात येणारी एकूण रक्कम वाढत नाही. काही हिस्सा केंद्राचा आणि उरलेला राज्याचा, इतकाच फरक.

जुलै २०२३ पासून अनुदान दरमहा १,५०० रुपये आहे. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये झाले आहे.

*इशारा:* पिवळे रेशन कार्ड म्हणजे दारिद्र्यरेषेच्या यादीतले नाव नव्हे. कार्ड पुरवठा शाखेचे असते, यादी ग्रामविकास विभागाच्या सर्वेक्षणाची. ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीत जाऊन यादीतला अनुक्रमांक पाहा. तो असेल तरच अर्जात तसे लिहा. नसेल तरी अर्ज थांबत नाही, राज्याच्या योजनेतून होतो.

*लाडकी बहीणबद्दल:* ज्या बाईला दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा १,५०० किंवा जास्त रक्कम मिळते तिला लाडकी बहीणचा लाभ घेता येत नाही. दोन्ही घेतले आणि पडताळणीत सापडले तर एक बंद होतो आणि घेतलेले पैसे मागे मागितले जाऊ शकतात. तिथली उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, इथली एकवीस हजार. लाडकी बहीणसाठी काढलेले कागद जसेच्या तसे इथे चालतील, असे गृहीत धरू नका. लाडकी बहीण ६५ व्या वर्षी थांबते. त्या वयाला आलेल्या बाईने श्रावणबाळचे कागद आधीपासून जमवायला घ्यावेत, नाहीतर मधले महिने रिकामे जातात.

टप्पा २: नाव, जन्मतारीख, पत्ता सगळीकडे एक करा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि लोक नेमका हाच टप्पा टाळतात. एका टेबलावर सहा कागद मांडा: आधार, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, बँकेचे पासबुक, वयाचा पुरावा, आणि विधवा असल्यास पतीचा मृत्यू दाखला. आता प्रत्येकावरचे पूर्ण नाव एका कोऱ्या कागदावर अक्षरशः जसेच्या तसे उतरवून घ्या. मराठीतले वेगळे, इंग्रजीतले वेगळे. नुसते डोळ्यांनी वाचले तर फरक दिसत नाही, लिहून काढले की दिसतो.

नेहमी सापडणारे फरक असे: आधारवर ‘शांताबाई’, पासबुकात ‘शांता’. मतदार कार्डावर माहेरचे आडनाव. एका ठिकाणी मधले नाव पतीचे, दुसऱ्या ठिकाणी वडिलांचे. इंग्रजीत आडनावाच्या शेवटचे एक अक्षर कमी-जास्त. पतीच्या मृत्यू दाखल्यावर त्याचे घरगुती नाव, म्हणजे कागदोपत्री ‘ज्ञानेश्वर’ आणि दाखल्यावर ‘माऊली’. गावात सगळ्यांना माहीत असते की माणूस एकच आहे. संगणकाला ते माहीत नसते.

लोक यावर उपाय म्हणून ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र करून आणतात. तहसीलच्या टेबलावर ते कदाचित चालेल. पण पैसे आधारवरून खात्यात जातात आणि तिथे प्रतिज्ञापत्र बघणारे कोणी नसते. म्हणून मूळ कागदच दुरुस्त करा.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. आधी आधार, कारण बाकी सगळे त्यालाच जुळवले जाते. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा घाईत अर्धवट दुरुस्ती करू नका. अंतिम रूप काय हवे ते कागदावर लिहून, पुरावा हातात घेऊनच केंद्रात जा. पावतीवर छापलेले नाव तिथेच उभे राहून वाचा, अक्षर चुकले असेल तर सही करू नका. त्यानंतर बँक, मग रेशन कार्ड. मतदार ओळखपत्र शेवटी केले तरी चालते.

मृत्यू दाखल्यातली चूक ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू निबंधकाकडे दुरुस्त होते. मृत्यूची नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटून गेले असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्याला वेळ लागतो. विधवा अर्जदाराच्या बाबतीत हे काम सगळ्यात आधी हाती घ्या.

वयाचा प्रश्न श्रावणबाळमध्ये फार छळतो. अनेक वृद्धांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आहे, कारण नोंदणीच्या वेळी नुसते वर्ष सांगितले गेले, तेही अंदाजाने. आधार हा वयाचा पुरावा मानू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले आहे. तेव्हा वेगळा पुरावा हवाच: शाळा सोडल्याचा दाखला, जन्मनोंदीचा उतारा, किंवा ग्रामीण अथवा शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला. शाळेत कधी गेलेच नाहीत म्हणून वयाचा पुरावा नाही, असे समजून घरी बसू नका. दुसरी तिसरीत शाळा सुटलेल्यांचीही नोंद जिल्हा परिषद शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये सापडते. मुख्याध्यापकांकडे लेखी मागा. मिळालेले वय आणि आधारवरचे वय यांत फरक निघाला तर आधार दुरुस्त करून घ्या, मगच पुढे चला.

*तपासणी:* सहाही कागदांवर नाव एक आहे का? वयाच्या पुराव्यावरची आणि आधारवरची जन्मतारीख एक आहे का? एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर टप्पा ४ सुरू करू नका.

टप्पा ३: खाते ‘जोडलेले’ आहे की ‘संलग्न’, ते बघा

‘बँकेत आधार दिलेले आहे’ हे वाक्य फसवे आहे. बँकेला केवायसीसाठी आधारची झेरॉक्स देणे वेगळे, आणि सरकारी पैसे आधारवरून त्या खात्यात उतरावेत म्हणून खाते संलग्न करणे वेगळे. दुसऱ्याला आधार सीडिंग म्हणतात. या योजनांचे पैसे आता थेट हस्तांतरणाने येतात, म्हणून सीडिंग नसेल तर मंजुरीनंतरही पासबुक कोरे राहते.

आणखी एक गोष्ट. एका आधारला एका वेळी एकच खाते संलग्न असते, आणि शेवटी जे जोडले तेच धरले जाते. मोबाईलचे सिम घेताना, बचत गटाच्या वेळी, कुठल्याशा शिबिरात आजींचे एखादे खाते उघडले गेलेले असते. त्यांना ते आठवतही नाही. अर्जात पासबुक स्टेट बँकेचे, आणि पैसे जातात त्या विसरलेल्या खात्यात.

१. माय आधार संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि मोबाईलवर येणारा ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. तिथे बँकेचे नाव आणि सीडिंग चालू आहे की नाही, ते दिसते.

२. मोबाईल आधारला जोडलेला नसेल तर आधी तो जोडून घ्या. घरातल्याच माणसाचा क्रमांक द्या, केंद्रचालकाचा कधीही देऊ नका.

३. दिसलेली बँक आपल्याला हवी ती नसेल तर हव्या त्या शाखेत जाऊन सीडिंगचा वेगळा अर्ज भरा. त्याची पोहोच घ्या.

४. काही दिवसांनी स्टेटस पुन्हा पाहा. बँकेतला माणूस ‘झालंय’ म्हणाला तरी पाहा.

खाते एकट्या अर्जदाराच्या नावाचे आणि शून्य शिलकीचे असेल तर उत्तम. मुलाबरोबरचे संयुक्त खाते देऊ नका. दोन वर्षे व्यवहार झाला नसेल तर खाते निष्क्रिय होते. शाखेत जाऊन ते चालू करून घ्या आणि शंभर रुपये भरून काढून बघा.

टप्पा ४: उत्पन्नाचा दाखला

हा दाखला मुद्दामच इतका मागे ठेवला आहे. त्यावर ३१ मार्चची मुदत असते. फेब्रुवारीत काढलात आणि आधारची दुरुस्ती मे महिन्यात झाली, तर दाखला वाया गेला आणि पुन्हा तलाठ्याकडे जाणे आले. एप्रिल-मे मध्ये काढलेला दाखला वर्षभर साथ देतो.

२१,००० रुपये वर्षाला म्हणजे महिन्याला १,७५०. आजच्या महागाईत ही मर्यादा कोणालाही थोडी वाटेल, आणि माझ्या मते ती फार आधीच वाढायला हवी होती. शेतमजुरी करणारी एकटी बाईसुद्धा वर्षभर काम मिळाले तर यात बसत नाही. पण आज नियम हाच आहे, म्हणून दाखल्यात आकडा कसा ठरतो ते समजून घ्या.

तलाठी, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात ते, रेशन कार्डावरची माणसे आणि आपल्या दप्तरातले ८-अ आणि सातबारा पाहून उत्पन्नाचा अहवाल देतात. मुलगा दहा वर्षे चाकणला किंवा भिवंडीला वेगळा संसार करून राहतो, घरी पैसे पाठवत नाही, पण रेशन कार्डावर त्याचे नाव आईबरोबरच आहे, अशी परिस्थिती फार दिसते. मग त्याचा पगार आईच्या उत्पन्नात धरला जातो आणि अर्ज तिथेच संपतो. मुलगा खरोखरच विभक्त असेल तर आधी पुरवठा शाखेत कार्ड विभक्त करून घ्या, मग उत्पन्नाचा दाखला मागा. एकत्र राहून कागदावर वेगळे झाल्याचे दाखवू नका. चौकशीत शेजारीच सांगून टाकतात, आणि खोट्या माहितीवर मिळालेला लाभ वसूल होतो.

जमीन असेल तर ती लपवू नका. तलाठ्याच्याच दप्तरात ती आहे. क्षेत्र किती, कोरडवाहू की बागायती, पिकते की पडीक, सामायिक असेल तर आपला हिस्सा किती, हे स्पष्ट सांगा. सामायिक सातबाऱ्यावर सहा जणांची नावे असताना सगळ्या क्षेत्राचे उत्पन्न एकीच्या नावावर लागते, ते केवळ कोणी बोलले नाही म्हणून.

अर्ज सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर होतो. दाखला कशासाठी हवा, त्या रकान्यात योजनेचे नाव लिहायला सांगा. शासनाने २०१५ मध्येच अशा कामांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकनाऐवजी स्वतःची सही पुरेशी ठरवली आहे. कोणी स्टॅम्प पेपर मागितला तर कोणत्या आदेशाने, ते लेखी विचारा.

*मुदत:* उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली १५ दिवसांत मिळाला पाहिजे. पावतीवर तारीख आणि अर्ज क्रमांक असतो, तो जपा. मुदतीत मिळाला नाही किंवा नाकारला तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते. त्यावर दुसरे अपील आणि मग राज्य सेवा हक्क आयोग आहे. योग्य कारणाशिवाय उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद या कायद्यात आहे. ही तरतूद आवाज न चढवता टेबलावर सांगितली तरी पुष्कळदा पुरते.

१५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा याच वेळी काढा. जुने रेशन कार्ड, जुनी मतदार यादी, घरपट्टीच्या पावत्या, मुलांच्या शाळेचे दाखले कामी येतात.

टप्पा ५: आपल्या गटाचा पुरावा

इथे प्रत्येकाचा कागद वेगळा.

विधवेला पतीचा मृत्यू दाखला लागतो. मुलांची वये सांगणारे कागदही जोडा, कारण मुलगा २५ वर्षांचा झाला किंवा त्याला नोकरी लागली की लाभाचा फेरविचार होतो. फक्त मुली असतील तर त्यांच्या लग्नानंतरही आईचा लाभ चालू राहतो. हे अर्जात ठळक लिहा, कारण टेबलावर अनेकदा दुर्लक्षिले जाते.

घटस्फोटितेला न्यायालयाचा आदेश, आणि खटला चालू असेल तर दावा दाखल असल्याचा कागद. परित्यक्तेचा मार्ग सगळ्यात खडतर. तिच्याकडे कोणताच आदेश नसतो, गावचौकशीवर सगळे अवलंबून असते. नवरा किती वर्षांपासून नांदवत नाही, पोटगी मिळते का, ती कोणाच्या आधाराने राहते, याचे तिचे स्वतःचे निवेदन आणि शेजाऱ्यांचे जबाब तयार ठेवा. पोलीस ठाण्यात किंवा महिला समुपदेशन केंद्रात पूर्वी कधी तक्रार केली असेल तर तिची प्रत जोडा. गावात बोलायला तिला संकोच वाटतो. तिच्याबरोबर अंगणवाडी ताई किंवा बचत गटाची एखादी बाई असली तर फरक पडतो.

दिव्यांगांना स्वावलंबन पोर्टलवरून मिळणारे वैश्विक ओळखपत्र आणि टक्केवारीचा दाखला लागतो. किमान ४० टक्के असावे. दाखला तात्पुरता असेल तर त्यावर मुदत असते, ती आधी वाचा. आजारपणाच्या गटात शासकीय रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांचा दाखला लागतो, खासगी डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही.

टप्पा ६: अर्ज भरा, द्या आणि पोहोच घ्या

अर्ज आता भरायचा, आधी नाही. नमुना तहसीलच्या संजय गांधी शाखेत मिळतो. मुंबईसारख्या शहरात या योजनेसाठी वेगळे तहसीलदार असतात, तिथे आपला विभाग कोणता ते विचारून घ्या.

- नाव आधारप्रमाणे लिहा.
- एकही रकाना कोरा सोडू नका. लागू नसेल तिथे ‘लागू नाही’ लिहा.
- जातीचा दाखला असेल तर जोडा, कारण अनुसूचित जाती, जमाती आणि सर्वसाधारण यांचा निधी वेगवेगळ्या लेखाशीर्षांतून येतो.
- प्रत्येक झेरॉक्सवर सही किंवा अंगठा, आणि प्रत्येक पानावर क्रमांक. मुखपृष्ठावर कागदांची यादी आणि एकूण पाने लिहा.
- सगळ्या संचाची एक प्रत घरी ठेवा. पिशवीतून मूळ कागद देऊन टाकणारे लोक मी पाहिले आहेत. मूळ कागद फक्त दाखवायचे असतात.

*इशारा:* शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक असलेली पोहोच घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नका. ‘अर्ज साहेबांकडे दिलाय’, ‘सरपंचांनी घेतलाय’, ‘शिबिरात दिला होता’ याला काही अर्थ नाही. पोहोच नसेल तर अर्ज दिलाच नाही, असे समजून पुन्हा द्या. शिबिरात अर्ज घेतला गेला असेल तर आठवड्याभरात शाखेत जाऊन आवक नोंदवहीत क्रमांक पडला का, ते बघा.

या अर्जाला फी नाही. ‘मंजूर करून देतो’ म्हणून हजार-दोन हजार घेणारे लोक कचेरीच्या बाहेर असतात, आणि जे काम ते करतात ते तुम्ही आत्तापर्यंत स्वतः केलेले आहे. पैशाची मागणी सरकारी माणसाकडून झाली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

टप्पा ७: गावचौकशी

अर्ज तलाठ्याकडे चौकशीसाठी जातो. पंचनामा होतो, जबाब घेतले जातात. पुष्कळ चांगले अर्ज इथे बिघडतात, कारण अर्जदार घरी नसतो किंवा विचारलेल्या प्रश्नाला भीतीपोटी काहीतरीच उत्तर देतो.

अर्ज दिल्यावर स्वतःहून तलाठ्याला भेटा. कोणत्या दिवशी गावात येणार, ते विचारा. त्या दिवशी अर्जदार घरी असावा. ‘मुलगा सांभाळतो का?’ या प्रश्नावर मुलाची लाज राखण्यासाठी कितीतरी म्हाताऱ्या आया ‘हो, सांभाळतो की’ म्हणतात. जबाबात तेच उतरते आणि अहवालात लिहिले जाते: आधार आहे. आईला आधीच नीट समजावून सांगा की इथे जे खरे आहे तेच बोलायचे, मुलाची बदनामी होत नाही. जबाबावर अंगठा देण्याआधी तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. हा तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे.

*तपासणी:* अर्ज दिल्यापासून तीन-चार आठवड्यांत अहवाल शाखेत परत गेला का, ते विचारा. गेला नसेल तर आवक क्रमांक लिहून तहसीलदारांना साधा विनंती अर्ज द्या आणि त्याचीही पोहोच घ्या.

टप्पा ८: समितीची सभा

अर्जांवर तालुक्याची संजय गांधी निराधार योजना समिती निर्णय घेते. सभा कधी होणार ते शाखेत कळते. सभेआधी एकदा जाऊन विचारा: ‘आमच्या प्रकरणात काही त्रुटी आहे का?’ त्रुटी सभेआधी पुरी झाली तर अर्ज वाचतो, नंतर कळली तर पुढच्या सभेपर्यंत थांबावे लागते.

नामंजूर झाल्याचे नुसते तोंडी ऐकून घरी येऊ नका. कारणासह लेखी पत्र मागा. कारण वाचल्यावर दोन वाटा आहेत. त्रुटी कागदाची असेल तर ती पुरी करून नव्याने अर्ज करणे लवकर होते. कारण चुकीचे असेल, उदाहरणार्थ विभक्त मुलाचे उत्पन्न धरले असेल, तर पुराव्यासह उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे लेखी दाद मागा.

पत्रच मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवा, महाराष्ट्राच्या नियमात तसे आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला फी नाही, फक्त पुरावा जोडा. ‘माझा अर्ज का अडवला?’ असे विचारू नका. ‘आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक, या अर्जावरील तलाठी अहवाल, समितीच्या सभेचे इतिवृत्त आणि निर्णयाची प्रत द्यावी’ असे मागा. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे.

लोकशाही दिनही, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकून घेतात तो दिवसही, वापरा. जिल्हाधिकारी कार्यालयात तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण निवेदन १५ दिवस आधी विहित नमुन्यात द्यावे लागते. त्याच दिवशी कागद घेऊन गेलेल्यांना परत पाठवले जाते.

टप्पा ९: मंजूर झाले, पण पैसे आले नाहीत

पहिल्यांदा टप्पा ३ मधला सीडिंग स्टेटस पुन्हा बघा. मग विसरलेल्या खात्यांत चौकशी करा. त्यानंतरच शाखेत जा आणि लाभार्थी यादीतला आपला आधार क्रमांक व नाव बरोबर नोंदले आहे का, ते संगणकावर दाखवायला सांगा. एक अंक चुकलेला असतो.

इंदिरा गांधी योजनेची जोड असलेल्यांना पैसे दोन हिश्शांत दिसू शकतात. वृद्धांना केंद्राचे २०० आणि राज्याचे १,३००. वय ८० झाल्यावर ५०० आणि १,०००. विधवेला ३०० आणि १,२००. नुसते ३०० जमा झालेले पाहून लोक घाबरतात किंवा तेवढेच मिळतात असे समजून गप्प बसतात. पासबुक भरून घ्या, दोन्ही नोंदी शोधा. एकच हिस्सा येत असेल तर तसे नेमके लिहून अर्ज द्या.

बँक मित्राकडे, म्हणजे गावातल्या बँकेच्या प्रतिनिधीकडे, अंगठा लावून पैसे काढताना किती निघाले त्याची पावती घ्या. दोनदा अंगठा लावून घेतला आणि एकदाच पैसे दिले, ही तक्रार खूप ऐकू येते.

टप्पा १०: चालू लाभ टिकवणे

दरवर्षी हयात असल्याची खात्री द्यावी लागते. आता ती मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा पडताळूनही होते, त्यामुळे बोटांचे ठसे झिजलेल्यांची सोय झाली आहे. तहसीलचे आवाहन ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते. शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी तलाठ्याला घरी येण्याची लेखी विनंती करा. पडताळणीत उत्पन्नाचा नवा दाखला मागितला जातो, तोही टप्पा ४ प्रमाणेच काढा.

संजय गांधी योजनेतला माणूस ६५ वर्षांचा झाला की त्याचे नाव श्रावणबाळमध्ये वर्ग व्हायला हवे. वाढदिवसाच्या दोन महिने आधी शाखेत वयाच्या पुराव्यासह अर्ज द्या. गाव बदलून दुसऱ्या तालुक्यात गेलात तर जुन्या तहसीलमधून नाव वर्ग करून घ्या, नवीन ठिकाणी दुसरा अर्ज करू नका. एकाच आधारवर दोन नोंदी दिसल्या की दोन्ही थांबतात.

लाभार्थी वारला तर घरच्यांनी मृत्यू दाखल्याची प्रत शाखेत लगेच द्यावी. नंतर जमा झालेले पैसे काढू नयेत, ते वसूल होतात. श्रावणबाळ घेणारा नवरा गेला तर त्याचे अनुदान बायकोच्या नावावर आपोआप होत नाही, तिला स्वतंत्र अर्ज करावा लागतो. घरातली कमावती व्यक्ती १८ ते ५९ या वयात गेली असेल आणि कुटुंब दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये एकदाच मिळतात. त्याचा अर्जही याच शाखेत होतो. मृत्यू दाखला घ्यायला जाल तेव्हा त्याच्या चार-पाच प्रती एकदमच काढा.